परदेशात जाताना सिम कुठलं घ्यायचं : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

तिकीट झालं, व्हिसा झाला, बॅगही अर्धी भरून झाली की मग कुणालातरी आठवतं की अरे सिमचं काय, आणि तिथून पुढे सगळी शोधाशोध एकाच प्रश्नावर येऊन थांबते की सगळ्यात स्वस्त कुठलं. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: तुमचं सिम दोन कामं करतं, एक म्हणजे तुमचा नंबर जिवंत ठेवणं (ओटीपी, बँकेचे मेसेज, घरच्यांचे फोन) आणि दुसरं म्हणजे इंटरनेट देणं. घरी ही दोन्ही कामं एकच सिम करतं म्हणून आपल्याला ती एकच वाटतात, पण प्रवासात ती वेगळी केली की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. जुना नंबर फक्त नंबरच्या कामाला, डेटासाठी दुसरं काहीतरी. बहुतेक लोकांना हेच जमतं, हेच स्वस्त पडतं आणि हेच सुरक्षितही आहे. आता क्रमाने बघू.

पायरी १ : आधी फोन तपासा, सिम नंतर

हे काम आजच करा, कारण इथे अडचण निघाली तर ती सोडवायला वेळ लागतो.

पहिलं म्हणजे फोन अनलॉक आहे का. हप्त्यावर किंवा कंपनीच्या करारावर घेतलेला फोन बऱ्याचदा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो, त्यात दुसरं सिम टाकलं की नेटवर्कच येत नाही. आयफोनमध्ये सेटिंगमधल्या अबाउटमध्ये कॅरिअर लॉक नावाची ओळ असते, तिथे बंधन नाही असं दिसलं पाहिजे. अँड्रॉइडमध्ये सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मित्राचं दुसऱ्या कंपनीचं सिम दोन मिनिटं टाकून बघायचं. लॉक असेल तर तो उघडून देणं हे ज्या कंपनीने लावला तिचं काम, आणि त्याला कधीकधी काही दिवस लागतात, म्हणून म्हणतोय आजच बघा.

दुसरं, फोनमध्ये ई-सिम (म्हणजे प्लॅस्टिकच्या कार्डाशिवाय फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम) चालतं का. डायल पॅडवर *#०६# दाबा, स्क्रीनवर १५ आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) येईल आणि ई-सिमवाला फोन असेल तर बहुतेक फोनवर ३२ आकडी ईआयडी (आतल्या ई-सिमचा क्रमांक) पण दिसेल. ईआयडी दिसला म्हणजे काम झालं. आयफोनमध्ये ई-सिम २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर मॉडेलपासून आहे, पण यातही खाचखळगे आहेत, चीनच्या मुख्य भूमीत विकलेल्या बहुतेक आयफोनमध्ये ई-सिम नसतं, आणि उलट अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलमध्ये सिमचा ट्रेच नाही, म्हणजे तिथला फोन हातात असेल तर दुकानातून प्लॅस्टिकचं सिम घेऊन काहीही उपयोग नाही, ते घालणार कुठे. नातेवाइकांनी बाहेरून आणून दिलेला किंवा सेकंडहँड घेतलेला फोन असेल तर मॉडेल नंबर टाकून हे नक्की बघा.

तिसरं बँड, म्हणजे फोन पकडू शकतो ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे. याकडे कुणी लक्ष देत नाही. प्रत्येक देशात ४जी आणि ५जी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतं आणि सगळ्या फोनमध्ये सगळे बँड नसतात. मोठ्या शहरात अडत नाही, खेड्यापाड्यात आणि डोंगरात अडतं. उदाहरणार्थ अमेरिकेत टी-मोबाइलचं लांब पल्ल्याचं कव्हरेज ६०० मेगाहर्ट्झच्या बँड ७१ वर आहे आणि दुसऱ्या खंडात विकल्या गेलेल्या बऱ्याच फोनमध्ये हा बँड नसतो. त्यामुळे नकाशावर कव्हरेज दिसतं आणि तुमच्या हातात मात्र शून्य काड्या.

आणि बँडच्याच बरोबर व्होल्टे, म्हणजे साधा कॉल ४जीवरून करायची सोय. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात आणि तैवानमध्ये ते २०२४ मध्ये बंद झालं. याचा अर्थ असा की तिथे साधा फोन कॉल पण ४जीवरूनच जातो, आणि जुना फोन किंवा त्या नेटवर्कशी व्होल्टे न जुळणारा फोन असेल तर इंटरनेट चालेल पण कॉल लागणार नाही. ऑस्ट्रेलियात तर आपत्कालीन ००० नंबर लावू न शकणारे फोन नेटवर्कवरून बंदच करायचा नियम आहे. पाच-सहा वर्षं जुना फोन घेऊन आईवडील प्रवासाला निघाले असतील तर हे त्यांच्यासाठी तुम्ही तपासा, त्यांना हे कुणी सांगणार नाही.

पायरी २ : तुमच्या जुन्या नंबरला परदेशात काय काय करायचंय

एक कागद घ्या आणि लिहून काढा की ओटीपी कुठून कुठून येतात. बँक, कार्ड, ईमेल, ऑफिसचं लॉगिन, सरकारी पोर्टल. लोकांना वाटतं आपण तर फक्त फिरायला चाललोय, आणि मग तिकडे हॉटेलचं पेमेंट करताना कार्डवाला ओटीपी मागतो आणि नंबर घरी टेबलावर पडलेल्या सिममध्ये असतो.

म्हणून जुनं सिम काढून ठेवायचं नाही, फोनमध्येच ठेवायचं. त्यावर ऑपरेटरकडून आंतरराष्ट्रीय रोमिंगची (म्हणजे आपलं सिम परदेशी नेटवर्कवर चालण्याची) सेवा निघण्याआधी चालू करून घ्यायची, कारण अनेक ऑपरेटर ती आपणहून चालू ठेवत नाहीत आणि परदेशात पोचल्यावर चालू करायला ज्या ओटीपीची गरज लागते तो ओटीपी येणारच नाही. प्रीपेड असेल तर व्हॅलिडिटी परत येईपर्यंत पुरेल असं रिचार्ज आधीच करा. ऑपरेटरला तीन प्रश्न स्पष्ट विचारा आणि उत्तर चॅटवर किंवा ईमेलवर लेखी घ्या: त्या देशात इनकमिंग एसएमएसला पैसे पडतात का, इनकमिंग कॉलला किती पडतात, आणि पॅक न घेता नुसता नंबर चालू ठेवता येतो का. इनकमिंग एसएमएस बऱ्याच ठिकाणी फुकट असतो, इनकमिंग कॉल मात्र रोमिंगमध्ये बहुतेक वेळा फुकट नसतो, समोरच्याने लावला तरी पैसे तुमचे जातात.

इथेच एक छुपा खर्च सांगतो. तुम्ही परदेशात आहात, फोन वाजतो, तुम्ही उचलत नाही, आणि कॉल व्हॉइसमेलला (निरोप रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या सेवेला) जातो. आता हा कॉल आधी घरच्या नेटवर्ककडून परदेशात गेला आणि तिथून व्हॉइसमेलसाठी परत घरी आला, म्हणजे दोन आंतरराष्ट्रीय फेऱ्या, आणि काही ऑपरेटर दोन्हीचे पैसे लावतात, न उचललेल्या कॉलचे! उपाय सोपा आहे, निघण्याआधी ##००२# डायल करा, त्याने सगळे कॉल डायव्हर्ट रद्द होतात. हे घरी असतानाच करायचं.

ऑपरेटर वायफाय कॉलिंग देत असेल तर ते पण चालू करून घ्या, हॉटेलच्या वायफायवर काही ऑपरेटरचे कॉल आणि एसएमएस घरच्यासारखे चालतात. पण सगळेच परदेशातून चालू देत नाहीत, विचारून घ्या. आणि जिथे जिथे शक्य आहे तिथे एसएमएस ओटीपीच्या ऐवजी ऑथेंटिकेटर अॅप लावून ठेवा, त्याला नेटवर्क लागतच नाही.

पायरी ३ : डेटा किती लागेल याचा अंदाज

इथे लोक दोन टोकांना जातात, एकतर सगळ्यात छोटा पॅक किंवा थेट अनलिमिटेड. खरं म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या महिन्याचा मोबाइल डेटा वापर दिसतो, तोच सगळ्यात चांगला आधार. त्यातून व्हिडिओ किती हे बघा कारण बाकी सगळं चिल्लर आहे. नकाशावर रस्ता बघणं तासाला काही एमबीत भागतं, अॅपवरून व्हॉइस कॉल मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी, पण व्हिडिओ कॉल लगेच अनेक पटीने वर जातो आणि एचडी व्हिडिओ बघत बसलात तर तासाला तीन जीबीपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे दहा दिवस नकाशा, मेसेज, टॅक्सी अॅप, थोडे फोटो पाठवणं एवढंच असेल आणि रात्री हॉटेलला वायफाय असेल तर तीन ते पाच जीबीत आरामात होतं. घरी रोज व्हिडिओ कॉल करणार असाल, लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडणार असाल तर गणित वेगळं, लॅपटॉप जोडला की तो मागच्या मागे अपडेट ओढतो आणि एका संध्याकाळीत पॅक संपवतो.

पायरी ४ : चार पर्याय, आणि कुणासाठी कुठला

पर्याय समजून घ्यायचे तर रोमिंग चालतं कसं हे थोडं समजून घ्या, मग जाहिराती आपोआप वाचता येतात. प्रत्येक सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. तुम्ही परदेशात उतरलात की तिथलं नेटवर्क ते आकडे बघतं, हे सिम आपलं नाही हे ओळखतं, आणि तुमच्या घरच्या नेटवर्कला विचारतं की याला आत घेऊ का. घरून होकार आला की फोन चालू. पण तुमचं इंटरनेट बहुतेक वेळा तिथूनच बाहेर पडत नाही, ते आधी घरच्या नेटवर्ककडे जातं आणि तिथून जगात जातं. समजा घर ८००० किलोमीटरवर आहे, फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच ८० मिलिसेकंद गेले, प्रत्यक्षात जास्तच. म्हणून रोमिंगवर पूर्ण काड्या असूनसुद्धा व्हिडिओ कॉल अडखळतो, फोनमध्ये काही बिघाड नसतो.

पहिला पर्याय, घरच्या ऑपरेटरचा रोमिंग पॅक. काही करायचं नाही, नंबर तोच, ओटीपी येतात, कॉल येतात. बहुतेक वेळा सगळ्यात महाग. दोन-तीन दिवसांचं कामानिमित्तचं जाणं असेल, ऑफिसचे कॉल त्याच नंबरवर यायलाच हवे असतील, किंवा सोबत असं कुणी वयस्कर माणूस आहे ज्याला सेटिंगमध्ये शिरायचंच नाही, तर बिनधास्त हाच घ्या आणि पैशाचा विचार सोडा, त्या माणसाचा निवांतपणा जास्त महत्त्वाचा.

दुसरा, तिथलं लोकल सिम. लांब मुक्काम असेल, महिनाभर किंवा जास्त, तर याला तोड नाही. इंटरनेट तिथूनच बाहेर पडतं म्हणून वेग चांगला, स्थानिक नंबर मिळतो, तो हॉटेलवाल्याला, ड्रायव्हरला, डिलिव्हरी अॅपला देता येतो, आणि जीबीमागे दर बहुतेक ठिकाणी कमी. त्रास एवढाच की दुकानात जायला लागतं, पासपोर्ट दाखवायला लागतो, काही देशांत नोंदणीला वेळ लागतो (जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पडताळणी सक्तीची आहे), आणि विमानतळावरच्या काउंटरचे दर शहरातल्यापेक्षा चढे असू शकतात. जपानमध्ये पर्यटकांसाठीची सिमं बहुतेक फक्त डेटाची असतात, कॉलचा नंबर मिळेल असं धरून जाऊ नका. तुर्कीत बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर १२० दिवस चालतो आणि मग नोंदणी व शुल्क भरल्याशिवाय बंद होतो, सहा महिने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे माहीत असायलाच हवं.

युरोपचं मात्र वेगळं आहे आणि ते फार फायद्याचं आहे. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये नियम आहे की एका सदस्य देशातलं सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्या दरानेच चालायचं, यात नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइनही येतात. म्हणजे पहिल्या देशात सिम घ्या आणि पुढचे पाच देश त्यावरच काढा, फक्त घरच्या देशात मिळणारा सगळा डेटा बाहेर वापरता येतोच असं नाही, रोमिंगसाठी वेगळी कमी मर्यादा असू शकते, तेवढं पॅकवर वाचा. आणि स्वित्झर्लंड यात नाही. ब्रिटनही नाही. युरोपच्या सहलीत स्वित्झर्लंड हमखास असतं आणि तिथेच लोक अडकतात.

तिसरा पर्याय ट्रॅव्हल ई-सिम, म्हणजे अॅपवरून किंवा वेबसाइटवरून विकत घ्यायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, झालं. एक ते तीन आठवड्यांच्या प्रवासासाठी आणि एकाहून जास्त देशांसाठी नवख्या माणसाला मी हाच सुचवतो, कारण जुनं सिम जागेवर राहतं आणि डेटा वेगळा होतो, जे आपल्याला करायचंच होतं. पण एक समजून घ्या, हे विकणारे बहुतेक स्वतः नेटवर्क चालवत नाहीत, ते तिसऱ्याच कुठल्यातरी देशातल्या ऑपरेटरचं सिम प्रोफाइल देतात आणि तुम्ही त्या सिमवर रोमिंग करत असता. त्यामुळे तुम्ही इटलीत उभे असलात तरी वेबसाइट्सना तुम्ही भलत्याच देशात दिसू शकता, भाषा बदलते, काही बँक अॅप संशय घेतात, व्हिडिओ अॅपवर वेगळीच यादी दिसते. बहुतेकांना याने काही फरक पडत नाही. एका ठिकाणी तर याचा मोठा फायदा आहे, चीनमध्ये तिथलं लोकल सिम घेतलं तर गूगल आणि व्हॉट्सअॅप बंद असतं, पण बाहेरच्या देशाच्या सिमवर रोमिंग करत असाल तर डेटा बाहेरूनच जातो म्हणून ते सहसा चालतं. आणि जवळजवळ सगळी ट्रॅव्हल ई-सिम फक्त डेटाची असतात, नंबर मिळत नाही, कॉल अॅपवरूनच करायचे.

चौथा, अनेक देशांत चालणारं प्लॅस्टिकचं ग्लोबल सिम. ज्यांच्या फोनमध्ये ई-सिम नाही आणि जे एका फेरीत बरेच देश करतायत त्यांच्यासाठी ठीक. बाकीच्यांनी यात वेळ घालवू नये असं माझं मत.

पायरी ५ : प्लॅन वाचायचा कसा

आता कुठे दर बघायचे. आणि दर बघताना पॅकची किंमत बघू नका, तुम्हाला लागणाऱ्या जीबीला आणि दिवसांना भागून बघा. सात दिवसांचा मोठा पॅक घेऊन आठव्या दिवशी परत घ्यावा लागला तर तो स्वस्त नव्हताच.

व्हॅलिडिटी कधी सुरू होते? काहींची विकत घेतल्यावर, काहींची इन्स्टॉल केल्यावर, काहींची तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर. तिसरा प्रकार सगळ्यात चांगला, घरी बसून इन्स्टॉल करता येतं आणि दिवस वाया जात नाही. रोजच्या हिशोबाचा पॅक असेल तर दिवस म्हणजे २४ तास की कॅलेंडरची तारीख, आणि तारीख असेल तर कुठल्या देशाच्या घड्याळाची. रात्री दहाला उतरलात आणि बाराला दिवस संपला तर दोन तासांसाठी एक दिवस गेला.

अनलिमिटेड शब्द दिसला की खाली बारीक अक्षरात जा. रोज अमुक एवढ्या डेटानंतर वेग कमी, हे जवळजवळ नेहमी असतं, आणि किती कमी हे महत्त्वाचं. १२८ केबीपीएस (म्हणजे सेकंदाला किलोबिट, आणि आठ बिटचा एक बाइट) लिहिलं असेल तर तो सेकंदाला १६ केबी होतो, म्हणजे ३ एमबीचा एक फोटो पाठवायला तीन मिनिटांच्या वर लागतील. मेसेज जातील, नकाशा रडतखडत उघडेल, व्हिडिओ कॉल विसरा. बऱ्याच अनलिमिटेड पॅकमध्ये हॉटस्पॉट बंद असतो किंवा त्याला वेगळी मर्यादा असते. एक ई-सिम घेऊन घरातल्या चौघांनी त्यावर चालवायचं असा बेत असेल तर ही ओळ सापडेपर्यंत पैसे भरू नका.

पुढे, कुठल्या स्थानिक नेटवर्कवर चालणार त्याचं नाव लिहिलंय का बघा. चांगले विक्रेते ते लिहितात. एकच नेटवर्क असेल आणि तुम्ही डोंगरात किंवा बेटांवर जाणार असाल तर त्या नेटवर्कचा कव्हरेज नकाशा आधी उघडून बघा. दोन-तीन नेटवर्क असतील तर उत्तम, एक गेलं की दुसरं.

देशांची यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पॅकवर युरोप लिहिलं म्हणजे तुमच्या मनातला युरोप असेलच असं नाही, स्वित्झर्लंड, ब्रिटन, तुर्की, सर्बिया, अल्बानिया ही नावं एकेक करून शोधा. ज्या देशात फक्त विमान बदलायला थांबणार आहात तो पण यादीत हवा का ते ठरवा, चार तासांचा थांबा असेल तर विमानतळाचं वायफाय पुरतं.

टॉप-अप त्याच ई-सिमवर होतो की दर वेळी नवीन घ्यावं लागतं, आणि चालू झालं नाही तर पैसे परत मिळतात का, हे दोन प्रश्न विचारले की विक्रेता कसा आहे ते कळतं.

पायरी ६ : निघण्याआधी, घरच्या वायफायवर

ई-सिम घरीच इन्स्टॉल करा. इन्स्टॉल करायलाच इंटरनेट लागतं, आणि क्यूआर कोड तुमच्याच फोनच्या स्क्रीनवर असेल तर त्याच फोनने स्कॅन कसा करणार, दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडून ठेवा, प्रिंट काढली तर आणखी बरं. तुर्कीसारख्या ठिकाणी २०२५ मध्ये ई-सिम विकणाऱ्या बऱ्याच परदेशी वेबसाइट्स देशातून उघडणं बंद झालं, त्यामुळे तिथे पोचून घेऊ असं म्हणणाऱ्यांची पंचाईत होते. आणि एक लक्षात ठेवा, बहुतेक क्यूआर कोड एकदाच चालतो. इन्स्टॉल झालेलं प्रोफाइल चालत नाहीये म्हणून रागाने डिलीट केलं की ते गेलं, परत विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं. बंद करा, डिलीट करू नका.

दोन्ही लाइनना नावं द्या, एक घर, एक प्रवास. मोबाइल डेटासाठी प्रवासवाली निवडा. आता सगळ्यात महत्त्वाचं: घरवाल्या लाइनचं डेटा रोमिंग बंद, प्रवासवाल्या लाइनचं डेटा रोमिंग चालू. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो, कारण त्यांना सांगितलेलं असतं की रोमिंग चालू करू नकोस बिल येईल, आणि ते दोन्हीकडे बंद ठेवतात आणि म्हणतात ई-सिम फसवं निघालं. ट्रॅव्हल ई-सिम हे रोमिंगवरच चालतं, त्याचं रोमिंग चालू करायलाच हवं, त्याचे पैसे तुम्ही आधीच दिलेत. शिवाय सेटिंगमध्ये एक पर्याय असतो की एका लाइनचा सिग्नल गेला की डेटा आपोआप दुसऱ्या लाइनवर जाऊ दे, तो बंद करा, नाहीतर बोगद्यात शिरलात की फोन गुपचूप घरच्या सिमवर उडी मारायला बघेल.

आयफोनवाल्यांनी आणखी एक: नवीन सिम टाकलं की आयमेसेज आणि फेसटाइम स्वतःला चालू करायला पाठीमागे एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवू शकतात, त्याचा दर तुमच्या ऑपरेटरप्रमाणे लागतो. व्हॉट्सअॅपने नंबर बदलायचाय का विचारलं तर जुनाच ठेवा म्हणा, त्याला सिम कुठलं आहे याने फरक पडत नाही.

मग फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर, अॅप अपडेट फक्त वायफायवर, व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद. शहराचे नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या. हॉटेलचा पत्ता आणि तिकडच्या भाषेतलं त्याचं नाव स्क्रीनशॉट काढून ठेवा, विमानतळावरून बाहेर पडेपर्यंत नेटवर्क नाही मिळालं तरी टॅक्सीत बसता आलं पाहिजे.

सिमला पिन लावायची का? मी म्हणेन लावा, फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकून तुमचे ओटीपी वाचू शकतो, पिन असेल तर नाही. पण तीनदा चुकली की फोन पीयूके कोड (अडकलेलं सिम उघडणारा कोड) मागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं निकामी, म्हणून पीयूके ऑपरेटरकडून आधी घेऊन सोबतच्या माणसाच्या फोनमध्ये लिहून ठेवा.

पायरी ७ : उतरल्यावर

एअरप्लेन मोड काढा आणि पाच मिनिटं थांबा. खरंच थांबा, पहिल्यांदा जोडायला वेळ लागतो कारण मघाशी सांगितलं तसं तिथलं नेटवर्क आधी घरी विचारून येतं. काड्या आल्या पण इंटरनेट नाही, तर या क्रमाने बघा. प्रवासवाल्या लाइनचं डेटा रोमिंग चालू आहे का. मोबाइल डेटासाठी तीच लाइन निवडलेली आहे का. एपीएन, म्हणजे विक्रेत्याने सांगितलेलं ते छोटंसं नाव, मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये अक्षर न अक्षर बरोबर आहे का. यानेही नाही झालं तर फोन रीस्टार्ट. त्यानंतर नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून यादीतून प्लॅनमध्ये लिहिलेलं नेटवर्क हाताने निवडा, फोन कधीकधी करार नसलेल्या नेटवर्कलाच चिकटून बसतो. एवढं सगळं करून मग विमानतळाच्या वायफायवरून विक्रेत्याला मेसेज करा, आणि मेसेजमध्ये सिमचा आयसीसीआयडी नंबर (८९ ने सुरू होणारा लांब आकडा) आणि नेटवर्कच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट पाठवा, म्हणजे उगाच चार उलटसुलट प्रश्न होत नाहीत.

घरवाल्या लाइनवर स्वागताचा एसएमएस आला म्हणजे बहुधा ओटीपीही येतील. नसेल आला तर बँकेच्या अॅपमधून एखादा साधा ओटीपी मागवून बघा, दुकानात काउंटरसमोर उभं राहून कळण्यापेक्षा हॉटेलच्या खोलीत कळलेलं चांगलं.

जहाज, विमान आणि सीमा

क्रूझवर जाणाऱ्यांनो, हे दोनदा वाचा. भर समुद्रात फोनला जे नेटवर्क दिसतं ते कुठल्याच देशाचं नसतं, ते जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटवरून चालणारं नेटवर्क असतं, तुमच्या कुठल्याही देशाच्या पॅकमध्ये ते सहसा येत नाही, आणि त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात. काही विमानांतही असंच नेटवर्क असतं. जहाजावर चढताना एअरप्लेन मोड लावा आणि वायफाय हवं तर वेगळं चालू करा. बंदरात उतरल्यावरच मोड काढा, आणि धक्क्याजवळ उभे असाल तर नेटवर्कचं नाव बघून घ्या.

सीमेजवळ पण असंच, सिग्नल पासपोर्ट बघत नाही. फ्रान्सच्या बाजूला जिनिव्हाजवळ राहिलात तर फोन स्विस टॉवर पकडू शकतो, आणि इटलीतून जर्मनीला ट्रेनने जाताना मध्ये स्वित्झर्लंड लागू शकतं. ज्या देशाचा पॅक नाही तिथून जाताना, तेवढा वेळ नेटवर्क हाताने निवडून ठेवा किंवा डेटा बंद.

परत आल्यावर

मोबाइल डेटाची लाइन परत घरवाली करा, नेटवर्क निवड परत ऑटोमॅटिक करा (हे विसरलं की घरी उतरून सिग्नल येत नाही आणि माणूस घाबरतो), ##००२# ने काढलेला व्हॉइसमेल हवा असेल तर पुन्हा लावा. रोमिंगची सेवा ऑपरेटरकडे बंद करायला सांगा. पोस्टपेड असेल तर लगेच आलेल्या बिलावर हिशोब संपला असं समजू नका, परदेशातल्या नेटवर्ककडून वापराच्या नोंदी यायला कधीकधी बरेच दिवस लागतात, त्यामुळे पुढचं बिलही ओळ न ओळ बघा, आणि काही खटकलं तर ऑपरेटरने पायरी २ मध्ये दिलेलं लेखी उत्तर जोडून तक्रार करा. ई-सिमचं प्रोफाइल तोपर्यंत फोनमध्ये बंद करून ठेवा, टॉप-अप होणारं असेल आणि लवकरच परत जायचं असेल तर ठेवाच, नसेल तर दोन्ही बिलं बघून झाली की डिलीट करा.